बॅगा वाढल्या

आमच्या घरात कधी काही फुटलं नाही, तुटलं नाही आणि संपलं तर नाहीच नाही. याचा अर्थ आम्ही फार सुखात होतो असा नाही. आम्ही कासार. माळशेंडीच्या बाजारपेठेत अप्पांचं बांगड्यांचं दुकान होतं आणि बांगड्या भरताना दिवसाला दहा-बारा तरी फुटायच्याच. पण 'फुटली' म्हणायची सोय नव्हती. बांगडी 'वाढली' म्हणायचं. मी सहा वर्षांची असताना एका नव्या नवरीसमोर "अप्पा, फुटली" म्हणून ओरडले, तर अप्पांनी मला दुकानाबाहेर काढलं, पाय धुऊन परत यायला लावलं आणि तेच वाक्य नीट म्हणायला लावलं.

दुकानातली ही बोली घरातही शिरली होती. दुकान बंद करायचं नाही, वाढवायचं. नारळ वाढवायचा. मीठ, तांदूळ, तेल, कुंकू डब्याच्या तळाला गेलं की तेही 'वाढलं'. 'संपलं' म्हटलं की ऐकणाऱ्या वास्तूला खरंच वाटतं, असं अप्पा म्हणायचे. माझी थोरली बहीण कुमुद, म्हणजे ताई, हे अप्पांपेक्षाही कडक पाळायची. कॉलेजात गेल्यावर मला शिंगं फुटली. "ताई, एवढं सगळं वाढतंय आपल्याकडे, मग आपण अजून दोन खोल्यांतच कसे?" असं मी म्हणायचे. ती हसायची नाही.

हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे जे झालं ते या एका शब्दानं झालं. आणि तो शब्द मला ठाऊक नव्हता असं म्हणायला मला तोंड नाही.

मी चाकणला 'ओघ'वर काम करते. ओघ म्हणजे काय ते आता सगळ्यांना माहीत आहे, पण तो आतून कसा चालतो हे फारसं कुणी विचारत नाही. माझ्या नोकरीच्या सुरुवातीला माल गोदामात पडून असायचा. एखादा घाट खचला, एखादं बंदर बंद पडलं, की एका तालुक्यात औषध मिळायचं नाही आणि शेजारच्या जिल्ह्यात तेच औषध मुदत उलटली म्हणून फेकलं जायचं. माल कमी नव्हता, चुकीच्या जागी होता. आमच्या कंपनीनं यावर उपाय काढला तो असा, की माल कुठल्याच जागी ठेवायचा नाही. सगळा माल चाकांवर. चाकणहून निघालेल्या गाडीला पत्ता नसतो, नुसती दिशा असते. पुढच्या नाक्यापर्यंत ती पोचेतो कुठे काय कमी पडलं आणि कुठे काय जास्त झालं ते बघून ओघ तिला पत्ता देतो, आणि त्याच्या पुढच्या नाक्यावर तो बदलतोही. आडवा दगड आला की पाणी बाजूनं जातं, तसं. रस्ता बंद पडला तरी माल अडत नाही.

हे जमायला एकच गोष्ट लागते, कुठे काय कमी आहे ते ताबडतोब कळणं. माणसांना फॉर्म भरायला सांगितले तर ती दोन दिवस उशिरा भरतात आणि चाराचे आठ लिहितात, कारण मागितलेल्याच्या निम्मंच हातात पडतं हा सगळ्यांचा अनुभव. बोलताना मात्र माणूस सहज खरं बोलून जातो. म्हणून दुकानांत, दवाखान्यांत आणि कायमचं औषध लागणाऱ्यांच्या घरात आम्ही भिंतीवर एक डबी लावली, हिरव्या दिव्याची, कुंकवाच्या करंड्याएवढी. ती इतर बोलणं सोडून देते, मालाबद्दलचं वाक्य तेवढं उचलते आणि "नोंद झाली" म्हणते. कसली नोंद झाली ते बोलून दाखवत नाही. सुरुवातीला दाखवायची, पण मग लोक तिच्याशी हुज्जत घालत बसायचे, म्हणून ते आम्ही काढून टाकलं.

मराठी वाक्याचा अर्थ लावणारा भाग, ज्याला आम्ही 'मराठी कान' म्हणतो, तो माझा. बारा वर्षं मी तो घडवला. मालवणी, वऱ्हाडी, अहिराणी, सगळं त्याला ऐकवलं. मला त्याचा गर्व होता आणि तो लपवायची मला कधी गरज वाटली नाही.

अशी एक डबी ताईच्या घरातही होती, शरूसाठी.

शर्वाणी ही ताईची एकुलती एक मुलगी. ती चार वर्षांची असताना भावोजी गेले, ताई तिला घेऊन माहेरी परतली, आणि एकविसाव्या वर्षी तिच्या दोन्ही किडन्या कामातून गेल्या. तिचं डायलिसिस घरीच चालायचं, पोटातून. पोटाच्या आत एक पातळ पडदा असतो, त्याचीच गाळणी करायची. नळीतून दोन लिटरची बॅग पोटात सोडायची, चार-पाच तास ठेवायची, रक्तातली घाण त्या पाण्यात उतरली की ते काढून टाकायचं आणि नवी बॅग लावायची. दिवसातून चार वेळा, रोज, सणवार काही नाही. बाकी शरू ठणठणीत दिसायची. अप्पांच्या मागे दुकान तीच बघायची, नवरीचे चुडे भरायला पंचक्रोशीतून तिलाच बोलावणं यायचं. बॅगा वेळेवर आल्या की झालं, आणि एरवी त्या महिन्याच्या हिशेबानं न मागताच यायच्या.

"मावशी, तुझं यंत्र म्हणजे माझी तिसरी किडनी आहे," ती म्हणायची. मी तिला म्हणायचे, "मग तिला नीट जप, दोन तर घालवून बसलीस." असं आमचं चालायचं.

पहिली खूण मिठानं दिली. शरू ओघच्या यादीत असल्यामुळे ताईचं वाणसामानही तिथूनच यायचं. जानेवारीत ताईचा फोन आला.

"वैजू, तुझ्या यंत्राचा माझ्या मिठावर राग आहे का गं? महिना झाला रोज सांगतेय, मीठ वाढलं, मीठ वाढलं. ते आपलं नोंद झाली म्हणतं आणि गप्प बसतं."

मी हसतच सुटले. इतकी, की शेजारच्या टेबलावरची माणसं बघायला लागली. "अगं ताई, तू वाढलं म्हणतेस म्हणजे त्याला वाटतं तुझ्याकडे मीठ जास्त झालंय. ते कशाला आणखी पाठवेल? संपलं म्हण."

"ते मी म्हणणार नाही."

"एकदाच म्हण."

"अप्पांनी जन्मात म्हटलं नाही. आणि ज्या घरात लेकीला रोज चार वेळा नळी लावते, त्या घरात मी उभी राहून संपलं म्हणू? तू त्याला शिकव ना माझं बोलणं. अख्ख्या महाराष्ट्राचं शिकवलंस."

"शिकवते गं," मी म्हटलं.

आणि मी गेले होते शिकवायला, हे खरं. आमच्या विभागाचे प्रमुख होनप सर. माणूस सज्जन, आवाज कधी चढवणार नाही. त्यांनी मला पडद्यावर एक तक्ता दाखवला. 'वाढलं', 'वाढले', 'वाढली' हे शब्द राज्यात दिवसाला दोन लाख वेळा बोलले जातात. हजारात नऊशे शहाण्णव वेळा अर्थ जास्त झालं हाच. उरलेल्या चारांसाठी दुसरा अर्थ ठेवला, तर दर वेळी कानाला शंका येणार, डबीनं उलट विचारायचं, माणसानं उत्तर द्यायचं, आणि सगळ्या गाड्यांचा निर्णय सरासरी चाळीस मिनिटं लांबणार.

"ओघची ताकदच वेगात आहे, वैजयंती," सर म्हणाले. "नाक्यावर गाडीला थांबून विचार करता येत नाही. म्हणून आपण ठरवलंय ना, एक शब्द, एक अर्थ. आणि हा वापर आता राहिलाय कुणाकडे? बांगड्या, कुंकू, फार तर मीठ. औषधाबद्दल कुणी असं बोलतं का?"

माझी बहीण बोलते, असं मी म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, "नाही, तसं कुणी बोलत नाही." आणि त्या नोंदीखाली माझी सही केली.

मग मी एक हुशारी केली. ताईच्या घरासाठी एक कायमची सूचना टाकली: दर महिन्याला दोन किलो मीठ, शब्द काहीही येवो. पंधरा दिवसांनी ताईचा फोन आला तो आनंदाचाच. "शिकलं हो तुझं यंत्र. वाढलं म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी मीठ दारात." मी तिला खरं सांगितलं नाही. कशाला तिचा हिरमोड करा, असं वाटलं. ऑफिसच्या कँटीनमध्ये मात्र मी ही गोष्ट रंगवून सांगितली आणि सगळे पोट धरून हसले.

ऑगस्टमध्ये आखातातली सामुद्रधुनी बंद झाली. बॅगांचं प्लास्टिक ज्या जहाजांवर होतं ती तिकडेच अडकली, आणि देशातल्या बॅगांचं उत्पादन निम्म्यावर आलं. जुना काळ असता तर मोठ्या शहरांनी बॅगा दाबून ठेवल्या असत्या आणि खेडी मेली असती. ओघची ही खरी परीक्षा होती. आम्ही नऊ दिवस चाकणच्या नियंत्रण कक्षातच राहिलो. तिथेच जेवायचो, तिथेच लवंडायचो. समोरच्या भिंतीएवढ्या पडद्यावर राज्यभरच्या गाड्या मुंग्यांसारख्या फिरत होत्या. कुठे जास्त आहे तिथून उचल, कुठे कमी आहे तिथे टाक. जालन्याला एका बाईच्या घरी शेवटची बॅग लावली आणि विसाव्या मिनिटाला दारात गाडी उभी राहिली. त्या बाईंचा रडतानाचा निरोप कक्षात सगळ्यांना ऐकवला. मीही रडले.

त्या नऊ दिवसांतल्याच सोमवारी दुपारी ताईचा निरोप आला. मी तो ऐकला नाही. माझ्याकडे दिवसाला तीनशे निरोप येत होते, आणि फोन त्यांचा सारांश करून द्यायचा. फोनमधला तो कानही आमचाच, आम्हीच फोनवाल्यांना दिलेला. सारांश असा होता: "कुमुदताई: बॅगांची संख्या वाढत आहे. गाडीकडे लक्ष द्यावे." खाली फोननं उत्तरही तयार ठेवलं होतं: "छान झालं ताई. काळजी नको, मी बघते." मी त्यावर बोट ठेवलं.

बुधवारी पुन्हा: "कुमुदताई: बॅगा वाढल्या आहेत." मला आठवतंय, मला बरंच वाटलं. एवढ्या टंचाईत आपल्या माणसाकडे जास्त आहेत, एक घोर तरी मिटला. पुन्हा तयार उत्तर, पुन्हा बोट. "उत्तम. काळजी नको."

शनिवारी सकाळी शरूचा निरोप आला. ती मला कधी बोलून निरोप पाठवत नसे, लिहायची, म्हणून मी तो कानाला लावला.

"मावशी, गाडी कधीपर्यंत येईल गं? आई म्हणते तू बघतेयस, म्हणून आम्ही थांबलोय. मला जरा आडवं होता येत नाहीये. तू कामात असशील. घाई नाही."

दोन वाक्यांमध्ये तिला श्वास घ्यायला थांबावं लागत होतं.

मी माळशेंडीची नोंद उघडली. डावीकडे ताईची वाक्यं, उजवीकडे कानानं लावलेला अर्थ.

सोमवार. "बॅगा वाढत आल्यात हो." अर्थ: साठ्यात वाढ.

मंगळवार. "बॅगा वाढल्या." अर्थ: जास्त साठा. त्याखाली ओघनं स्वतःची खात्री करून घेतली होती. जुलैत शरू जंतुसंसर्गामुळे अकरा दिवस जिल्ह्याच्या रुग्णालयात होती. तिथल्याच बॅगा वापरल्या असणार, म्हणजे घरी चव्वेचाळीस शिल्लक असणार, आणि आता घरची बाई तेच सांगतेय. हिशेब चोख जुळत होता. प्रत्यक्षात रुग्णालयानं बॅगा घरून आणायला सांगितल्या होत्या, पण हे ओघला कुणी सांगितलं नव्हतं. माळशेंडीकडे निघालेली गाडी त्यानं सोलापूरकडे वळवली.

बुधवार. "अहो, वाढल्या म्हणते ना बॅगा. गाडी पाठवा." अर्थ: जास्त साठा, उचलण्यासाठी गाडीची मागणी.

गुरुवारी गाडी गेली होती. रिकामी. आमच्या छोट्या गाड्यांना चालक नसतो. ती ताईच्या दारासमोर उभी राहिली, मागचं दार उघडलं आणि खोकी आत ठेवली जायची वाट बघत बसली. दारावरच्या कॅमेऱ्यातलं चित्र नोंदीत होतं. ताई धावत आली. आत वाकून बघितलं. पार कोपऱ्यापर्यंत हात घालून बघितलं. मग शरू भिंतीला धरून बाहेर आली, तिनंही बघितलं. दहा मिनिटांनी गाडी दार लावून निघून गेली. ताई गाडीमागून चार पावलं चालत गेली आणि थांबली.

त्याखाली ओघची नोंद होती: जास्त साठा असूनही दिला नाही, साठेबाजीची शक्यता. पुढचा पुरवठा थांबवला.

शुक्रवारी ताईनं डबीसमोर सतरा वेळा तोच शब्द म्हटला होता. प्रत्येक वेळी डबी म्हणाली होती, "नोंद झाली."

पुढचं मी भराभर केलं, ते करता येण्यासारखं होतं म्हणून जास्त लाज वाटते. साठेबाजीचा शेरा पुसून पुरवठा पुन्हा चालू केला. जवळची भरलेली गाडी तीन तासांवर होती, ती वळवली. रुग्णवाहिका पाठवली. ताईला फोन केला. "ताई, जिल्ह्याला ने तिला, आत्ताच्या आत्ता. गाडीची वाट बघू नकोस."

"पण तूच म्हणालीस काळजी नको."

"मी ऐकलं नव्हतं गं ताई."

मागे शरूचा आवाज आला, "मावशी आहे का? तिला म्हणावं मी बरी आहे."

रुग्णवाहिका जिल्ह्याला पोचली, डॉक्टरांनी डायलिसिससाठी मानेत नळी घालायची तयारी केली, आणि त्याच वेळी शरूचं हृदय थांबलं. मी तिथे पोचले तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. तरुण डॉक्टर होते, ते ताईला समजावून सांगत होते. "पोटॅशियम फार वाढलं होतं हो काकू. इतकं वाढलं की हृदय थांबतं."

ताई त्यांच्या तोंडाकडे बघत राहिली. मग माझ्याकडे वळून तिनं अगदी साध्या आवाजात विचारलं, "वाढलं म्हणजे कोणतं वाढलं गं?"

तिकडे माळशेंडीत आमची भरलेली गाडी वेळेवर पोचली होती. घराला कुलूप बघून ती परत फिरली आणि ओघनं त्या बॅगा कऱ्हाडला पाठवल्या.

होनप सरांसमोर मी आठ दिवसांनी उभी राहिले. अहवाल तयार होता, एका पानाचा. त्यात लिहिलं होतं: "स्रोताकडून प्रमाणेतर शब्दप्रयोग झाल्याने नोंदीत तफावत." स्रोत म्हणजे माझी ताई.

"सर, हे खोटं आहे," मी म्हटलं. "मला हा अर्थ माहीत होता. मिठाची सूचना मी टाकली, म्हणून तिला वाटलं यंत्र शिकलं. तिनं विश्वासानं तेच बोलणं चालू ठेवलं. हे लिहा."

"मिठाचं मला माहीत आहे," ते म्हणाले. "ते लिहिलं तर तुम्ही जाल. मराठी कान मग कोण सांभाळणार?"

"मग निदान दुसरा अर्थ घाला."

त्यांनी पडदा माझ्याकडे वळवला. तोच आठवडा, त्याच गाड्या, त्याच बॅगा, फक्त कानाला दुसरा अर्थ शिकवलेला. ओघनं तो आठवडा पुन्हा चालवून बघितला होता. माळशेंडीला गाडी मंगळवारी पोचत होती. शरू जगत होती. आणि चाळीस मिनिटांच्या उशिरानं इतर ठिकाणी एकतीस माणसं मरत होती. नावंही होती. जालन्याच्या त्या बाईंचं नाव नवव्या ओळीत होतं.

"हे खरं आहे का, सर?"

"अंदाज आहे. पण आपण सगळा महाराष्ट्र याच अंदाजावर चालवतो." त्यांचा आवाज आताही चढला नव्हता. "मला वाईट वाटत नाही असं समजू नका. पण तुम्ही माझ्या खुर्चीत असता तर काय केलं असतंत?"

मी भांडायला आले होते. बारा वर्षांत मी त्या माणसाशी कितीतरी वेळा भांडले, मुद्दा पटला नाही की फाइल आपटून निघून जायचे. त्या दिवशी मी ती नावं पुन्हा वरपासून वाचली. त्या एकतीस नावांपैकी कुणालाही मी ओळखत नव्हते आणि ती सगळी माणसं त्या क्षणी कुठे ना कुठे जेवत होती, कुणाशी तरी बोलत होती. माझी शरू तेवढी नव्हती. मला त्यांचा राग आला, हे कबूल करते.

यंत्र बदलणार नव्हतं, म्हणजे माणसांना बदलायला हवं होतं. सगळ्या डब्यांतून आठवडाभर एक सूचना ऐकवायचं ठरलं, आणि ओळखीचा, घरगुती वाटणारा आवाज हवा होता. सरांनी मला विचारलं तेव्हा ते खाली बघत होते. मी नाही म्हणू शकले असते, राजीनामाही देऊ शकले असते. पण कुठल्या तरी गावात आणखी एक बाई उभी राहून 'वाढलं, वाढलं' म्हणत असेल, आणि तिला कुणीतरी सांगायला हवं, हे मला दिसत होतं. मी ध्वनिमुद्रणाच्या खोलीत गेले आणि म्हटलं, "नमस्कार. घरातलं औषध किंवा सामान संपलं, तर संपलं असंच म्हणा. वाढलं म्हणू नका." पहिल्याच प्रयत्नात बरोबर झालं.

तेराव्यानंतर चार दिवसांनी मी माळशेंडीला गेले. दुकानाला कुलूप होतं. घराचं दार उघडं होतं आणि ताई स्वयंपाक करत होती. माझ्याशी ती बोलेल की नाही याची मला धास्ती होती, पण ती बोलली. "हातपाय धू, पान मांडते," म्हणाली.

भिंतीवर डबी तशीच होती, हिरवा दिवा चालू. शरूचं नाव यादीतून काढायचं काम माझंच होतं. रोज सकाळी मी ती नोंद उघडत होते आणि मिटत होते.

आम्ही जेवायला बसलो. आमच्याकडे वाढणाऱ्यानं "वाढू का?" विचारल्याशिवाय भात पानात पडत नसे. ताईनं भाताचं पातेलं माझ्यापुढे सरकवलं. "घे," एवढंच म्हणाली. मी घेतला. पातेल्यात डाव खरवडल्याचा आवाज झाला.

"भात संपला," ताई म्हणाली.

डबीचा दिवा लुकलुकला. "नोंद झाली."

माझा घास तोंडातच राहिला. एकोणसाठ वर्षांच्या आयुष्यात तिनं तो शब्द या घरात उच्चारला नव्हता. ती उठली, हात धुतला, पदराला पुसला आणि डबीसमोर जाऊन उभी राहिली. शाळेत कविता म्हणायला उभं करतात तशी, हात दोन्ही बाजूंना सरळ.

"मीठ संपलं," ती म्हणाली. "तेल संपलं. बॅगा संपल्या."

"नोंद झाली," डबी म्हणाली. "गाडी एक तास वीस मिनिटांत पोचेल."

"ताई, नको गं," मी म्हटलं.

"थांब. बघू दे मला."

आम्ही दोघी ओसरीत बसलो. एक तास अठरा मिनिटांनी गाडी कोपऱ्यावरून वळली. मागचं दार उघडलं. आत मीठ होतं, तेल होतं, तांदूळ होता आणि बॅगांची सहा खोकी होती, भरलेली. ताईनं एकेक खोकं स्वतः उतरवलं. मी हात लावायला गेले तर कोपरानं बाजूला सारलं. भिंतीशी सहाही खोकी रचून झाल्यावर तिनं कपाळावरचा घाम पुसला.

"आता बरोबर बोलले ना गं मी?" तिनं विचारलं. "तू सांगितलंस तसंच म्हटलं. रोज ऐकते ना तुला, भिंतीतून."

मी तिच्या पायाशी बसले आणि रडले. मिठाचं, सहीचं, कँटीनमधल्या हसण्याचं, सगळं तिला सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. माझ्या डोक्यावर हात ठेवला नाही आणि मला उठ असंही म्हणाली नाही.

पण मी बारा वर्षं हेच काम केलंय, आणि रडतानाही माझं डोकं गाडीच्या मागच्या नाक्यावरच होतं. टंचाई अजून सरली नव्हती. ही सहा खोकी कुठल्या तरी दुसऱ्या दाराकडे निघालेली असणार आणि आमच्यासाठी वळवली गेली असणार. त्या दारात कुणीतरी उभं असणार. जितका वेळ ती इथे भिंतीशी पडून राहतील, तितका वेळ ते माणूस वाट बघणार. खोकी परत पाठवायला हवी होती, आणि ती पाठवायचं वाक्य एकच होतं. दुसरं मीच ठेवलं नव्हतं.

"ताई," मी म्हटलं, "या बॅगा कुणाच्या तरी आहेत गं."

"माहीत आहे," ती म्हणाली. "म्हण तू. मला आता ते म्हणवत नाही."

मी उठले. डबीसमोर उभी राहिले. शरूच्या नळीचा हुक अजून शेजारच्या खिळ्याला लटकत होता.

"बॅगा वाढल्या," मी म्हटलं. "गाडी पाठवा."

"नोंद झाली."

ताईनं दाराचं दुसरं फळकूटही उघडून ठेवलं आणि ती गाडीची वाट बघत उंबऱ्याशी बसली.